रोजचं चालणं: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गेली वीस वर्षं मी पुण्यात फिजिओथेरपीचं काम करते. कुणाचा गुडघा, कुणाची कंबर, कुणाची टाच. बोलणं शेवटी चालण्यावर येतं आणि प्रश्न फिरून फिरून तेच असतात. ते इथे एकत्र केले आहेत. ज्यांना हृदयविकार आहे, शुगर फार वरखाली होते किंवा नुकतंच ऑपरेशन झालं आहे, त्यांनी आधी आपल्या डॉक्टरांना विचारूनच सुरुवात करावी.

तीन महिने रोज चालतोय, वजन काटाभरही हललं नाही. मग उपयोग काय?

हा प्रश्न पहिला घेते, कारण लोक चालणं सोडतात ते बहुतेक याच कारणाने. माझ्या वडिलांनीही सोडलं होतं. तीन महिने नेमाने तळजाईच्या टेकडीवर गेले, काट्यावर उभे राहिले, वजन एक किलोही उतरलेलं नव्हतं. बूट माळ्यावर गेले. त्यांच्या पट्ट्याचं भोक मात्र एकाने आत सरकलं होतं. ते आईच्या लक्षात आलं, त्यांच्या नाही.

हिशोब साधा आहे. ६५ किलोच्या माणसाने अर्धा तास भरभर चालून साधारण १३० ते १५० कॅलरी खर्च होतात. येताना एक वडापाव खाल्ला तर जवळजवळ दुप्पट परत आल्या. नुसत्या चालण्याने वजन झपाट्याने उतरत नाही. ते काम मुख्यतः ताटात करावं लागतं. पण पोटाच्या आत, आतडी आणि यकृताभोवती जी चरबी साठते, जिच्यामुळे मधुमेह आणि हृदयविकार बळावतात, ती नियमित व्यायामाने काट्यावर फरक न दिसताही कमी होते. रक्तदाब उतरतो, जेवणानंतरची शुगर उतरते, झोप सुधारते. वजनकाटा यातलं काहीच दाखवत नाही. तेव्हा माझी कळकळीची विनंती आहे, चालण्याची परीक्षा काट्यावर घेऊ नका. बेंबीच्या पातळीवर टेपने पोटाचा घेर मोजा, महिन्यातून एकदा बीपी बघा, आणि दुसऱ्या मजल्यावर चढताना पूर्वीइतकी धाप लागते का, ते बघा.

चालताना शरीरात नेमकं काय होतं?

पोटरीपासून सुरुवात करते. पायाकडे गेलेलं रक्त वर हृदयाकडे चढायचं तर गुरुत्वाकर्षणाच्या उलट जावं लागतं. पाऊल टाकलं की पोटरीचा स्नायू आवळतो, आतल्या शिरा दाबल्या जातात आणि रक्त वर ढकललं जातं. शिरांमधल्या झडपा ते परत खाली येऊ देत नाहीत. म्हणून पोटरीला दुसरं हृदय म्हणतात. दिवसभर उभं राहणाऱ्यांच्या किंवा खुर्चीत बसणाऱ्यांच्या पायांवर संध्याकाळी मोज्याचा वळ उमटतो, तो हा पंप बंद राहिल्यामुळे.

दुसरी गोष्ट साखरेची. एरवी रक्तातली साखर स्नायूच्या पेशीत शिरायला इन्सुलिन लागतं. स्नायू काम करायला लागला की पेशीच्या आत असलेले साखर ओढून घेणारे वाहक इन्सुलिनशिवायच पृष्ठभागावर येतात. ज्याचं इन्सुलिन नीट काम करत नाही त्याच्यासाठी ही केवढी मोठी सोय आहे! मांड्या आणि नितंबांचे स्नायू शरीरातले सगळ्यात मोठे, आणि चालताना तेच राबतात.

तिसरी गोष्ट रक्तवाहिन्यांची. रक्त जोरात वाहायला लागलं की वाहिन्यांचं आतलं अस्तर त्यांना सैल करणारं नायट्रिक ऑक्साइड सोडतं. असं रोज घडत राहिलं की वाहिन्या लवचीक राहतात.

हृदयाला खरंच फायदा होतो, याला पुरावा काय?

जुना आणि मला फार आवडणारा पुरावा लंडनच्या बसचा आहे. जेरी मॉरिस नावाच्या डॉक्टरांनी १९५३ साली तिथल्या दुमजली बसच्या ड्रायव्हर आणि कंडक्टरांची तुलना प्रसिद्ध केली. दोघांची नोकरी एकाच बसवर, घरची परिस्थितीही साधारण सारखी. फरक एवढाच की ड्रायव्हर दिवसभर बसलेला आणि कंडक्टर तिकिटं फाडत दिवसभर वरखाली करणारा. कंडक्टरांमध्ये हृदयविकार कमी आढळला, आणि झाला तरी उशिराच्या वयात आणि कमी जीवघेणा.

रक्तदाबाबद्दल वैद्यकीय संशोधनाचे आढावे घेणाऱ्या कॉक्रेन संस्थेने २०२१ साली ७३ चाचण्यांचा एकत्रित आढावा घेतला. नियमित चालण्याने वरचा रक्तदाब सरासरी ४ अंकांनी उतरलेला दिसला. आकडा लहान वाटेल, पण तो वर्षानुवर्षं टिकला तर पक्षाघात आणि हृदयविकाराचा धोका कमी होतो. फक्त यावरून बीपीची गोळी आपल्या मनाने बंद करू नका.

दहा हजार पावलं पूर्ण व्हायलाच हवीत का?

नाही. हा आकडा दवाखान्यातून आलेला नाही, जाहिरातीतून आलेला आहे. १९६४ च्या टोकियो ऑलिंपिकनंतर जपानमध्ये व्यायामाची लाट आली. १९६५ साली एका कंपनीने पावलं मोजणारं यंत्र बाजारात आणलं आणि त्याचं नावच ‘मांपो-केई’ म्हणजे दहा हजार पावलांचं मापक असं ठेवलं. आकडा गोल होता, लक्षात राहिला आणि जगभर पसरला.

संशोधन पुढे झालं. २०१९ साली अमेरिकेत सरासरी ७२ वर्षं वयाच्या सुमारे १७ हजार स्त्रियांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. दिवसाला साधारण ४,४०० पावलं चालणाऱ्यांमध्ये मृत्यूचं प्रमाण २,७०० पावलंवाल्यांपेक्षा ४१ टक्क्यांनी कमी होतं, आणि ७,५०० च्या आसपास तो फायदा स्थिरावला. २०२५ च्या लॅन्सेट पब्लिक हेल्थ या वैद्यकीय नियतकालिकातल्या आढाव्यातही दिवसाला ७,००० पावलांजवळ बराचसा फायदा पदरात पडतो असंच दिसलं. सत्तरीच्या आजींना दोन हजारांवरून चार हजारांवर आणणं हे माझ्या लेखी, पन्नाशीच्या माणसाने आठावरून दहा हजारांवर जाण्यापेक्षा जास्त मोलाचं आहे. फोनवर आकडा पूर्ण होत नाही म्हणून रात्री अकरा वाजता हॉलमध्ये येरझाऱ्या घालणारे लोक मला भेटतात. त्यांनी निश्चिंत झोपावं.

मग किती वेळ आणि किती वेगाने?

जागतिक आरोग्य संघटना प्रौढांना आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम श्रमाचा व्यायाम सांगते. आठवड्यातले पाच दिवस रोज अर्धा तास धरला की १५० होतात. तो अर्धा तास सलग नसला तरी चालतो. वेग ओळखायची खूण अशी की चालताना शेजारच्याशी बोलता आलं पाहिजे, गाणं म्हणता येऊ नये. घड्याळ लावून मोजायचं तर मिनिटाला साधारण १०० पावलं. मैत्रिणीशी गप्पा मारत, दुकानांच्या पाट्या वाचत चाललेली फेरी मनाला बरी वाटते आणि तिलाही किंमत आहे, पण त्यातली दहा-पंधरा मिनिटं तरी दम लागेल अशी असू द्या.

जेवल्यावर लगेच चालावं का? शतपावलीने काही होतं का?

होतं, आणि बरंच होतं. जेवण झाल्यावर साधारण तासाभरात रक्तातली साखर सगळ्यात वर जाते. त्याच वेळी पायाचे स्नायू कामाला लावले तर ती साखर तिथेच वापरली जाते. न्यूझीलंडमध्ये २०१६ साली मधुमेहींवर एक प्रयोग प्रसिद्ध झाला. एका वेळी त्यांना दिवसातून केव्हाही सलग ३० मिनिटं चालायला सांगितलं, दुसऱ्या वेळी तिन्ही जेवणांनंतर १०-१० मिनिटं. एकूण चालणं सारखंच, तरी जेवणानंतर चाललेल्या दिवसांत जेवणानंतरची साखर सरासरी १२ टक्क्यांनी कमी राहिली, आणि रात्रीच्या जेवणानंतर तर २२ टक्क्यांनी.

आपल्याकडे रात्रीचं जेवण उशिरा, भात त्याच वेळी, आणि ताट उचललं की सोफा. शतपावली खरी गरजेची आहे ती इथेच. शब्दात शंभर पावलं असली तरी शंभरावर थांबू नका. शंभर पावलं मिनिटभरात होतात. दहा मिनिटं चाला, रमतगमत चाललात तरी हरकत नाही. भरल्या पोटी टेकडी चढणं किंवा जोरात चालणं मात्र नको, आणि छातीत जळजळ होत असेल तर वेग अजून कमी ठेवा.

मला मधुमेह होण्याच्या काठावर आहे असं सांगितलंय. चालून तो टळेल?

टळू शकतो किंवा पुढे ढकलला जाऊ शकतो. चेन्नईचे डॉ. ए. रामचंद्रन यांनी अशाच काठावरच्या ५३१ भारतीयांचा अभ्यास केला होता, तो २००६ साली प्रसिद्ध झाला. आहारात बदल आणि रोज किमान अर्धा तास चालणं एवढ्यावर तीन वर्षांत मधुमेह होण्याचं प्रमाण २८.५ टक्क्यांनी घटलं. नुसत्या मेटफॉर्मिन या मधुमेहावरच्या गोळीने ते २६.४ टक्क्यांनी घटलं होतं. त्यातले बरेचसे लोक लठ्ठ नव्हते, तुमच्या-आमच्यासारख्या अंगलटीचेच होते. आज देशात १३ कोटींहून जास्त लोक या काठावर उभे आहेत, म्हणून हा आकडा मी प्रत्येकाला सांगते.

मधुमेह आहेच. चालताना काय सांभाळू?

दोन गोष्टी. इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारखी गोळी चालू असेल तर चालताना साखर एकदम खाली येऊ शकते. हात थरथरणं, घाम फुटणं, डोळ्यांपुढे अंधारी येणं ही त्याची लक्षणं. खिशात ग्लुकोजची पुडी किंवा साखर ठेवा आणि अशा वेळी ‘घरी जाऊन बघू’ म्हणू नका, तिथेच खा.

दुसरी गोष्ट पाय. एक काका माझ्याकडे टाचदुखीसाठी आले होते. उजव्या पायाचा मोजा काढला तर चवड्याखाली रक्ताचा डाग. बूट उलटा केला, आतून नातवाच्या खेळण्यातल्या गाडीचं चाक पडलं, वाटाण्याएवढं. काका दोन दिवस त्यावर चालत होते आणि त्यांना कळलंच नव्हतं. बारा वर्षांच्या मधुमेहाने तळव्याची संवेदना गेली होती. बूट घालण्याआधी आत हात घालून बघायचा. रात्री तळवे आरशात बघायचे किंवा घरच्यांना दाखवायचे. अनवाणी चालायचं नाही, गवतावरही नाही आणि देवळाच्या तापलेल्या फरशीवर तर नाहीच.

सकाळी दवावर अनवाणी चालल्याने चष्म्याचा नंबर उतरतो म्हणतात?

उतरत नाही. गार गवतावर पाय छान वाटतात, तेवढ्यासाठी पाय निरोगी असलेल्यांनी जरूर चालावं. नंबर बुबुळाच्या आणि डोळ्याच्या आकारावर ठरतो.

गुडघे दुखतात. चालून अजून झिजतील ना?

ही भीती इतकी खोलवर रुजलेली आहे की लोक चाळिशीतच लिफ्ट धरतात. सांध्यातल्या कूर्चेला, म्हणजे हाडांच्या टोकांवरच्या मऊ गादीला, स्वतःचा रक्तपुरवठा नसतो. पाऊल पडलं की ती स्पंजासारखी दाबली जाते, उचललं की फुगते आणि सांध्यातलं वंगण शोषून घेते. तिचं पोषण असंच होतं. बसून राहणाऱ्याच्या गुडघ्यात हे घडत नाही. वर मांडीचे स्नायू सुकतात, आणि मग सगळा भार सांध्यावर येतो.

तरी सगळ्या दुखण्यांना एकच उत्तर नाही. सपाट जागेवर चाला. टेकडी चढताना धाप लागते, पण गुडघ्यावर ताण येतो तो उतरताना. ज्यांना वाटीमागे दुखतं त्यांनी पर्वतीच्या १०३ पायऱ्या तूर्त बाजूला ठेवाव्यात. चालताना थोडं दुखलं आणि दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत निवळलं तर काळजी नाही. रात्रभर ठणकलं किंवा सूज आली तर अंतर निम्मं करा. गुडघा अडकत असेल किंवा एकदम दगा देत असेल तर आधी दाखवा. वजन जास्त असलेल्यांना एक गोष्ट सांगते: एक किलो वजन कमी झालं की प्रत्येक पावलागणिक गुडघ्यावरचा भार सुमारे चार किलोंनी हलका होतो. सोबत मांडीचे व्यायाम हवेतच. नुसतं चालून मांडी पुरेशी बळकट होत नाही.

आणि कंबर?

कंबरदुखी वारंवार उलटत असेल तर चाला. ऑस्ट्रेलियात २०२४ साली प्रसिद्ध झालेल्या ७०१ जणांच्या चाचणीत टप्प्याटप्प्याने चालणं वाढवणाऱ्यांना पुन्हा दुखणं येईपर्यंत साधारण २०८ दिवस मिळाले, न चालणाऱ्यांना ११२. खर्च बुटांचा.

दिवसभर घरात पायाला भिंगरी असते. वेगळं चालायची गरज आहे का?

हे विचारणाऱ्या काकू, मावशी, वहिनी खरंच थकलेल्या असतात, म्हणून ‘घरकाम म्हणजे व्यायाम नव्हे’ असं त्यांना फटकन सांगणं मला पटत नाही. झाडणं, पुसणं, पाणी भरणं हे श्रमच आहेत. पण स्वयंपाकघरातलं चालणं चार पावलं आणि थांबा, चार पावलं आणि ओट्याशी उभं, असं असतं. हृदयाचे ठोके वाढून सलग वाढलेले राहत नाहीत. उभं राहून पाय मात्र भरून येतात.

२०२२ च्या अंदाजानुसार आपल्या देशात पुरेशी हालचाल न करणाऱ्यांचं प्रमाण पुरुषांत ४२ टक्के आणि स्त्रियांत ५७ टक्के आहे. मला हा आळसाचा आकडा वाटत नाही. सकाळी सहा ते आठ ही चालायची वेळ, आणि नेमका तेव्हाच डबे, दूध, शाळेची रिक्षा, सासऱ्यांचा चहा. म्हणून हे उत्तर मी घरातल्या बाकीच्यांसाठीही लिहिते आहे. चहा स्वतः करून घ्या आणि तिला अर्धा तास दाराबाहेर पडू द्या. चाळिशी-पन्नाशीत पाळी जाण्याच्या सुमारास हाडं ठिसूळ व्हायला लागतात. तोवर वाट बघू नका.

सकाळी चाललो तर दिवसभर ऑफिसात बसलं तरी चालेल?

सकाळचा फायदा पुसला जात नाही, पण आठ तासांच्या बैठकीची पूर्ण भरपाईही होत नाही. कोलंबिया विद्यापीठाच्या २०२३ च्या एका लहानशा प्रयोगात दर अर्ध्या तासाने पाच मिनिटं चालणाऱ्यांची जेवणानंतरची साखर आणि रक्तदाब दोन्ही चांगले राहिले. दर अर्ध्या तासाने उठणं सगळ्यांना जमणार नाही. मग फोन उभ्याने घ्या, पाण्याची बाटली लहान ठेवा म्हणजे भरायला उठावं लागेल, आणि बस एक स्टॉप आधी सोडा.

सकाळ बरी की संध्याकाळ?

जी वेळ टिकेल ती. दोन गोष्टी तेवढ्या ध्यानात ठेवा. थंडीत पहाटे हवा जड होऊन धूर खालीच साचतो, तेव्हा दमेकऱ्यांनी ऊन वर येईपर्यंत थांबावं आणि मोठ्या रस्त्याऐवजी आतली गल्ली किंवा मैदान धरावं. आणि पहाटेच्या कोवळ्या उन्हात ड जीवनसत्त्व मिळतं हा समज चुकीचा आहे. त्यासाठी लागणारे किरण दुपारच्या आसपासच्या उन्हात असतात.

नागपूर-चंद्रपूरकडच्यांनी एप्रिल-मेमध्ये सकाळी सातच्या आत घरी परतावं. पावसाळ्यात इमारतीचा पार्किंगचा मजला, लांब पॅसेज, जिना, काहीही चालतं. मुंबईत साचलेल्या पाण्यातून मात्र जाऊ नका, पायाला बारीक चीर असली तरी लेप्टोची (लेप्टोस्पायरोसिस या तापाची) भीती असते.

दरवर्षी वारीला जातो. मग रोज कशाला?

आळंदी ते पंढरपूर साधारण अडीचशे किलोमीटर पायी होतात. माउलींच्या पालखीबरोबर जाणाऱ्यांबद्दल माझ्या मनात फार आदर आहे. पण चालण्याने इन्सुलिनचं काम सुधारतं त्याचा परिणाम दोन-तीन दिवसच टिकतो, तो पुढच्या आषाढापर्यंत पुरत नाही. आणि वर्षभर न चाललेला माणूस पुणे-सासवड टप्प्यात दिवे घाट चढून गेला की त्याचे तळवे फोडांनी भरतात आणि पोटऱ्यांना वांब येतात. वारीला जायचं तर चैत्रापासून रोज चाला, शेवटचे दोन आठवडे अधूनमधून दहा-पंधरा किलोमीटर करा, आणि नवे बूट-चपला वारीत पहिल्यांदा घालू नका.

चालताना केव्हा थांबायचं?

छातीत दाब किंवा आवळल्यासारखं, डावा हात, जबडा किंवा पाठीकडे जाणारं दुखणं, एकदम घाम, भोवळ, नेहमीपेक्षा वेगळी धाप. थांबा, बसा, मदत मागा. ‘गॅस असेल’ म्हणून फेरी पूर्ण करू नका.

आणखी एक खूण लोक वयावर ढकलतात: ठरावीक अंतर चाललं की पोटरी भरून दुखते आणि दोन मिनिटं उभं राहिलं की जाते. विडी-सिगारेट ओढणाऱ्यांत आणि मधुमेहींत पायाची रक्तवाहिनी अरुंद झाल्यामुळे असं होतं. रक्तवाहिन्यांच्या डॉक्टरांना दाखवा. यावरच्या उपचारातही चालणं असतं, दुखेपर्यंत चालायचं, थांबायचं, पुन्हा चालायचं. पण ते त्यांच्या देखरेखीखाली.

आजोबा ८२ वर्षांचे आहेत. पडतील म्हणून आम्ही बाहेर पाठवत नाही.

घरात बसवून पडण्याची भीती वाढते, कारण सहा महिन्यांत पाय आणखी कमजोर होतात. काठी घ्यायला लावा, ज्या बाजूला दुखतं त्याच्या विरुद्ध हातात. सैल स्लीपर नको, मागून पट्टा असलेली चप्पल किंवा बूट. पहिले पंधरा दिवस घरातलं कुणीतरी सोबत, पाच मिनिटं जायचं, कट्ट्यावर टेकायचं, पाच मिनिटं परत. जागतिक आरोग्य संघटना ६५ च्या पुढच्यांना आठवड्यातून तीन दिवस तोल सांभाळण्याचे व्यायामही सांगते. ओट्याला धरून एका पायावर दहा आकडे उभं राहणं इथून सुरुवात करा.

मध्येच खंड पडला. आता पुन्हा कुठून सुरू करू?

लग्न, ताप, परीक्षा, गावाला जाणं, खंड सगळ्यांनाच पडतो. आठवडाभराचा असेल तर आहे तिथूनच सुरू करा. महिन्याचा असेल तर पूर्वीच्या निम्म्या वेळेपासून, आणि दर आठवड्याला पाच मिनिटं वाढवा. आजारपणानंतर सकाळी उठल्याउठल्या नाडी मोजा. नेहमीपेक्षा दहा ठोके जास्त असतील तर अजून दोन दिवस थांबा. बूट जुने असतील तर टाच बघा, एका बाजूने झिजली असेल तर नवे घ्या.